मुलाबरोबर घरालाही बोलवा



व्यसनाकडे वळलेल्या मुलास आपण उपदेश करतो, घराचे काय? पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचारांत कुटुंबासही सामील करून घेतात. आम्ही शिक्षक असताना पालकांस केवळ तक्रार ऐकविण्यासाठीच बोलावीत असू, याची खंत आजही वाटते.

मंडळाचा निधी अल्प आहे. तथापि सभागृह रविवारी रिकामे असते. तेथे दरमहा कुटुंबांची बैठक भरवावी; हारतुऱ्यांचा खर्च वाचवून प्रशिक्षित समुपदेशकास मानधन द्यावे. न आलेल्या कुटुंबाकडे दोघा सभासदांनी जाऊन यावे. मात्र तेथे ऐकलेली गोष्ट सोयरिकीच्या वेळी कोणीही उच्चारू नये. हा विश्वास नसेल तर कोणतेही घर दुसऱ्यांदा येणार नाही.