स्काउट पथकाचे वर्ष आणि दर्याचे वर्ष



शाळेतील स्काउट पथकाचा वार्षिक कार्यक्रम आखताना पुष्कळदा मागील वर्षाचाच कागद समोर घेतला जातो. त्यावरील तारखा बदलल्या, राष्ट्रीय सणांचे दिवस भरले आणि एक शिबिर योजले की आखणी पूर्ण झाली असे मानले जाते. असा कार्यक्रम कागदावर निर्दोष दिसतो. परंतु वर्षाच्या मध्यावर पथकातील काही मुले गळू लागतात आणि ‘अनियमित’ असा शेरा त्यांच्या नावापुढे पडतो. दोष मुलाचा की दिनदर्शिकेचा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील खारदांडा हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे उदाहरण आहे. एका बाजूस खारच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र, यांच्यामध्ये वसलेली ही कोळ्यांची जुनी वस्ती. येथील शाळेच्या वर्गात नोकरदाराचा मुलगा आणि नाखव्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात. पण त्यांच्या घरांचे वर्ष एक नसते. पहिल्याचे घर इंग्रजी तारखेने चालते, तर दुसऱ्याचे तिथीने व भरती-ओहोटीने. केवळ पहिल्याच्या सोयीने आखलेला कार्यक्रम दुसऱ्याला हळूहळू पथकाबाहेर ढकलतो.

स्काउट चळवळीच्या मूळ कल्पनेशी हे विसंगत आहे. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडजवळील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. त्यासाठी त्यांनी जी वीसेक मुले निवडली, त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच कामकरी घरांतील मुलेही होती. लहान लहान संघ पाडून त्यांना एकत्र राहावयास लावणे, हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. भारतात ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना एकत्रित स्वरूपात स्थापन झाली, तेव्हाही ही संघपद्धती कायम राहिली.

म्हणून दिनदर्शिकेच्या आखणीचा आरंभ उपक्रमांपासून न करता अडचणींपासून करावा. एका मोठ्या कागदावर बारा महिने मांडून प्रथम शाळेच्या परीक्षा व सुट्या, त्यानंतर घरोघरचे सण आणि मग व्यवसायाची धामधूम यांची नोंद करावी. जे रविवार मोकळे उरतील, त्यांवरच पथकाचा हक्क.

खारदांड्याच्या बाबतीत या कागदावर तारखेसोबत तिथी लिहिणे अगत्याचे आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ मिळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेस व अमावास्येस ती बाराच्या आसपास येते आणि ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. किनारा स्वच्छ करण्याचे काम पौर्णिमा वा अमावास्येच्या जवळच्या रविवारी सकाळी सहा ते आठ या वेळात ठेवले, तर पाणी दूर गेलेले असते. याउलट डोलजाळ्याची मासेमारी उधाणाच्या जोरदार प्रवाहावर चालते, तर भांगाच्या दिवसांत ती मंदावते. तेव्हा दिवसभराचे पदभ्रमण अष्टमीच्या आसपासच्या रविवारी ठेवल्यास कोळ्यांच्या मुलांना घरून मोकळीक मिळणे सोपे जाते. पंचांगाचा असा उपयोग करावयास शिकणे हेदेखील स्काउटचे शिक्षणच होय.

वर्षाची विभागणीही याच न्यायाने करता येईल. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळ्यांची दुरुस्ती चालू असते आणि जाणती माणसे घरी असतात. जूनच्या मध्यास शाळा सुरू होताच नोंदणी करून गाठींचे शिक्षण याच काळात द्यावे. जाळे विणताना पडणारी गाठ ही रचनेने स्काउटच्या ‘शीटबेंड’ या गाठीसारखीच असते. ती शिकविण्यास वस्तीतील एखाद्या वृद्ध नाखव्याला पाचारण केले, तर नाखव्याच्या मुलालाही आपल्या घरच्या विद्येचा मान दिसेल.

पावसाळा हा संकटनिवारणाच्या शिक्षणाचाही काळ आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हे ठिकाण खारदांड्यापासून दूर नाही. मोठ्या भरतीचे दिवस महानगरपालिका आधीच जाहीर करते. ते दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहावेत आणि त्या दिवशी किनाऱ्यावरील कोणताही उपक्रम ठेवू नये.

नारळी पौर्णिमेस पथकाची सभा न ठेवणे हेच शहाणपणाचे. गणेश विसर्जनाच्या दिवशी आणि सप्टेंबरातील बांद्र्याच्या जत्रेत मोठ्या मुलांना वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली वाट दाखविणे, पाणी देणे अशी सेवा करता येते. दिवाळीच्या सुटीत शिबिर, ७ नोव्हेंबरला स्थापना दिन, हिवाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंतचे पदभ्रमण, जानेवारीत खरी कमाई, २२ फेब्रुवारीस चिंतन दिन, असा क्रम बसतो. शिमगा आणि वार्षिक परीक्षा यांसाठी मार्च मोकळा सोडावा. प्रवेश व सोपानांच्या चाचण्या वर्षाअखेरीस एकदम न घेता तिमाहीगणिक घ्याव्यात, म्हणजे एखादी चाचणी हुकलेल्या मुलाचे वर्ष वाया जात नाही.

ही आखणी स्काउटमास्तरांनी एकट्याने करू नये. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो. प्रत्येक संघनायकाने आपल्या मुलांना विचारून त्यांचे अडचणीचे दिवस मानसभेत मांडावेत आणि तेथेच निर्णय व्हावा. बारा-तेरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या घरची अडचण सभेत मांडतो, तेव्हा नागरिकत्वाचा पहिला धडा त्याने गिरविलेला असतो. महिन्यातील एक रविवार मुद्दाम रिकामा ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी उपस्थितीची वही पाहून आखणी सुधारावी. एकाच वस्तीतील मुले एकाच दिवशी गैरहजर दिसली, तर तो दिवस बदलावा.

हे सूत्र समुद्रकाठापुरते मर्यादित नाही. कोकणात भातलावणीचा जुलै, ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांच्या गावी दिवाळीनंतरचे महिने, हे तेथील पथकांचे अडचणीचे दिवस होत. ग्रामपंचायत सदस्यांना ते तोंडपाठ असतात. शिक्षकांनी त्यांना जूनमध्येच विचारावे. अधिकाऱ्यांनीही मेळावे व चाचण्यांच्या तारखा वर्षाच्या आरंभी कळवाव्यात आणि शिबिराच्या परवानग्या वेळेत द्याव्यात. आठ दिवस आधी येणाऱ्या परिपत्रकाने काळजीपूर्वक केलेली आखणी मोडते आणि मुलांचा तिच्यावरील विश्वास उडतो.

‘तयार राहा’ हे स्काउटचे ब्रीद मुलांना नित्य सांगितले जाते. ते प्रथम पथक चालविणाऱ्यांना लागू आहे. वस्तीतील सर्वांत अडचणीच्या घरचा मुलगा ज्या दिवशी येऊ शकेल, तो दिवस आधी शोधून ठेवणे, हीच त्यांची तयारी.