शालेय खर्चावरील करसवलत : लाभ कोणाला?

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मुलांच्या शालेय खर्चावर मिळणारी प्राप्तिकर सवलत हा विषय वरवर पाहता नोकरदार पालकांच्या घरगुती हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात राजकोषीय धोरणातील एक मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे. शिक्षणासाठी शासनाने स्वतः खर्च करावा, की पालकांनी केलेल्या खर्चापोटी आपल्या महसुलावर पाणी सोडावे? दुसरा मार्ग स्वीकारल्यास त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो?

परतावा कशाचा?

प्रथम एक गैरसमज दूर करू. सरकार शाळेची फी परत करीत नाही. परत मिळतो तो जादा कापला गेलेला कर. नोकरदाराच्या वेतनातून वर्षभर करकपात होत असते. फीच्या पावत्या त्याने कार्यालयात वेळेवर सादर केल्या, तर ही कपातच कमी होते. तसे न घडल्यास विवरणपत्रात वजावट मागता येते आणि देय करापेक्षा अधिक कापलेली रक्कम परत मिळते. ज्याच्यावर कराचा बोजाच नाही, त्याला परताव्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ही वजावट कलम ८०-सी मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात तिची जागा कलम १२३ ने घेतली आहे. भारतातील शिक्षणसंस्थेत पूर्णवेळ शिकणाऱ्या, जास्तीत जास्त दोन मुलांच्या शिकवणी शुल्कापुरतीच ती मर्यादित आहे. विकास निधी आणि देणगी कायद्यानेच वगळली आहे. गणवेश, पुस्तके, बसभाडे हाही खर्च त्यात बसत नाही. शिवाय भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचा हप्ता, गृहकर्जाच्या मुद्दलाची परतफेड अशा अनेक बाबी मिळून एकच मर्यादा आहे. २००५ मध्ये ती १ लाख रुपये होती; २०१४ मध्ये दीड लाख झाली. ज्याची मर्यादा भविष्य निर्वाह निधीनेच भरते, त्याला फीच्या पावतीचा काहीच उपयोग होत नाही.

याखेरीज शिक्षण भत्त्यावरील करमाफी आहे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांत ती दोन दशकांहून अधिक काळ प्रत्येक मुलामागे दरमहा १०० रुपये इतकीच राहिली. याउलट सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी हा भत्ता १ जुलै २०१७ पासून दरमहा २,२५० रुपये ठरविला. मालक म्हणून सरकारने जो शिक्षणखर्च वाजवी मानला, तो करनियमात त्याच काळी मान्य झाला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सूट आणि वजावट

परीक्षेच्या दृष्टीने आणि धोरणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. २००३ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत प्रथम दिली, ती कलम ८८ खाली, प्रत्येक मुलामागे १२,००० रुपयांपर्यंतच्या फीसाठी. त्या कलमात वजावट नव्हती, तर थेट करात सूट होती. सर्वसाधारणपणे दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्याला खर्चाच्या २० टक्के, दीड ते पाच लाख उत्पन्न असलेल्याला १५ टक्के सूट मिळे. त्याहून अधिक उत्पन्न असलेल्याला काहीच मिळत नसे. म्हणजे उत्पन्न वाढेल तसा सवलतीचा दर घटत होता.

२००५ च्या वित्त कायद्याने कलम ८८ ऐवजी कलम ८०-सी आणले. आता रक्कम करातून नव्हे, तर उत्पन्नातून वजा होऊ लागली. रचना सोपी झाली. पण लाभाची दिशा उलटली. जुन्या करप्रणालीतील आजच्या दरांनी पाहा. १ लाख रुपये फीची संपूर्ण वजावट मिळाली, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाचा उपकरासह ३१,२०० रुपये कर वाचतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात २०,८०० रुपये. ज्याचे करपात्र उत्पन्न वजावटीपूर्वीच ५ लाखांच्या आत आहे, त्याला कर नाही आणि लाभही नाही. फी तीच, पण शासनाचे साहाय्य सधनाला अधिक. अर्थशास्त्रात अशा सोडून दिलेल्या महसुलाला ‘कर-व्यय’ म्हणतात. २००६-०७ पासून केंद्रीय अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत त्याचे विवरण दिले जाते. तो खर्चच आहे, मात्र त्यावर संसदेत अनुदानाच्या मागणीप्रमाणे मतदान होत नाही.

नवी प्रणाली आणि पुढील प्रश्न

२०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत दर कमी आहेत. पण ही वजावट नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच मूलभूत प्रणाली ठरली. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षासाठी ३१ जुलै २०२४ पर्यंत दाखल झालेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी, म्हणजे सुमारे ७२ टक्के, नव्या प्रणालीतील होती. शालेय खर्चावरील सवलत अशा रीतीने रद्द न होताही मागे पडत चालली आहे.

याचे दुःख मानावे का? माझ्या मते, सवलत जाण्यापेक्षा तिच्या जागी काय येते, हे अधिक महत्त्वाचे आहे. थेट खर्चाचा मार्ग आपल्याकडे उपलब्ध आहे. २००४ मध्ये २ टक्के शिक्षण उपकर आला. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी १ टक्का जोडला गेला. २०१८ पासून ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आणि त्यांचा खर्च शाळांना देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी कमी असेल ती रक्कम शाळेस मिळते. हाही परतावाच, पण तो पालकाच्या करटप्प्यावर अवलंबून नाही. तो वेळेवर देणे मात्र अत्यावश्यक, कारण थकबाकी साचली की प्रवेश देण्यास शाळा नाखूश होतात.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ ची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ६ टक्क्यांच्या लक्ष्याचा पुनरुच्चार केला. करसवलतींच्या संकोचातून वाचणारा महसूल या लक्ष्याकडे वळला, तर भूमिहीन मजुराच्या मुलाला त्याचा लाभ होईल. न वळल्यास मध्यमवर्गीय पालकाची सवलत गेली आणि गरिबाच्या शाळेला काही मिळाले नाही, असे घडेल.

तुमच्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. कोणतीही सवलत तपासताना तिच्या रकमेआधी तीन गोष्टी विचारा: ती कोणापर्यंत पोहोचते, उत्पन्न वाढताना ती वाढते की घटते, आणि तेवढाच पैसा थेट खर्च केला असता तर कोणाला मिळाला असता? शालेय फीची ही साधी वजावट या तीनही कसोट्यांवर घासून पाहिली, तर करनीती आणि सामाजिक न्याय यांचे नाते पाठांतराशिवाय समजेल.