दर्यावरचे कष्टकरी

मेहरूणच्या तलावाखेरीज मोठें पाणी आम्हीं फारसें पाहिलेलें नाहीं; पण कष्ट आम्ही ओळखतों. सन १६७९ त मायनाक भंडारी यांनीं शिवछत्रपतींच्या हुकुमानें मुंबईजवळचें खांदेरी बेट घेऊन तेथें तट बांधावयास घेतला. इंग्रजांच्या जहाजांनीं वाट अडविली. तीं वाऱ्यावर चालणारीं. वारा पडला कीं थांबलीं. आमचे खलाशी मात्र रात्रीं हलकीं गलबतें वल्हवीत, उथळ पाण्यांतून बेटावर रसद पोंचवीत. वारा नसतां त्यांचें शीड म्हणजे त्यांचे दंड. बेट मराठ्यांकडेच राहिलें. मायनाकांचें नांव आम्ही घेतों. वल्हेकऱ्यांचीं कोण घेतो? बांधवांनो, नांगर त्यांच्याजवळही होता, आपल्याजवळही आहे. मुलांस इतिहास सांगतांना या हातांचीही गोष्ट सांगा.