विहाराच्या दारातली पिकअप

(संस्थेच्या वर्धापनदिनी सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



धम्मावर बोलणारे विद्वान वक्ते आमच्या आधी बोलून गेले आणि आमच्या नंतरही बोलणार आहेत. आमच्या वाट्याला गाडी आली आहे. विहाराच्या दारात आज जी निळी पिकअप उभी आहे, तिच्याविषयी वाहन समितीने दोन शब्द सांगावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. गाडीचे काय एवढे सांगायचे, असे काहींना वाटेल. परंतु या गाडीपायी आपल्या दोन सर्वसाधारण सभा गाजल्या, एका ज्येष्ठ सभासदांनी राजीनामा दिला आणि परत घेतला, आणि आपली चार मुले तिच्याखाली झोपून हाताला काळे लावून घ्यायला शिकली. पैसा समाजाचा आहे. तेव्हा हिशेब समाजापुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे.

गाडी महिंद्राची, 1984 सालची. या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत अमेरिकन विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्याच घराण्यातली हलकी मालवाहू वाहने काढली. जाड लोखंडी सांगाडा, पुढे-मागे कमानी पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आपल्या गाडीत प्यूजोच्या परवान्याने बनलेले 2112 सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक असे काही नाही, म्हणूनच ते आमच्या हाती लागले.

1988 साली वर्गणी काढून आपण ती जुनीच विकत घेतली. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 20 मार्चला महाड. हौद्यात सतरंज्या टाकून तीस-तीस माणसे जात असत. वस्तीवरच्या बाळंतिणीला रात्री तालुक्याला नेणारी हीच आणि शेवटच्या प्रवासाला नेणारीही हीच. 2011 मध्ये ती लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. हौद्यात पाचोळा साठला, त्यावर गवत उगवले.

2019 च्या सभेत तीन मते पडली. एक म्हणाले, भंगारात द्या. दुसरे म्हणाले, रंग देऊन विहारापुढे चौथऱ्यावर ठेवा, आठवण राहील. आम्ही म्हणालो, ती रोज रस्त्यावर चालली पाहिजे. ठराव आमच्या बाजूने झाला आणि लगेच आमच्या हातून चूक झाली. सभासदांना काहीतरी लवकर दाखवावे या मोहाने आम्ही आधी रंगकामाकडे गेलो. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने 38 हजार रुपये घेतले, गाडी चकचकीत करून दिली. पहिल्या पावसाळ्यात दाराखालची लांबी पोपडे धरून गळून पडली. आत पत्रा नव्हताच! गंजलेल्या भोकांत लांबी भरून वर रंग मारला होता. त्या सभेत आम्हांला जे ऐकावे लागले ते रास्तच होते. रंग हे शेवटचे काम आहे, पहिले नाही, हे आम्ही 38 हजार देऊन शिकलो.

त्यानंतर काम आबांच्या हाती गेले. आबा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आपले सभासद. त्यांच्या हाताखाली आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकची दोन मुले आणि महाविद्यालयातली दोन. आबांनी पहिल्याच रविवारी सांगितले, "चालण्याचं नंतर बघू. आधी थांबली पाहिजे."

म्हणून पहिले ब्रेक. विद्यार्थ्यांनी हे नीट ऐकावे. जुन्या पद्धतीत मास्टर सिलिंडरमधून एकच सर्किट चारही चाकांना जाते. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. आम्ही दोन भागांचा मास्टर सिलिंडर बसवला, म्हणजे पुढचे गेले तरी मागचे राहतात. लोखंडी नळ्या नव्या ओढल्या, रबरी नळ्या वरून बऱ्या दिसत होत्या तरी फेकल्या, कारण रबर आतून फुगून बंद होते. ड्रम टर्न केले, लायनर नवे लावले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल साधारण 205 अंशांना उकळते, ओलावा शिरला की 140 च्या आसपास. उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल सरळ फळीला टेकते. घाटात हे झाले तर पुढे बोलायला कोणी उरत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचे, हे आम्ही आता केबिनच्या दारावर लिहून ठेवले आहे.

मग स्टिअरिंग: किंगपिन आणि टाय रॉड एंड झिजलेले होते, चाक तळहाताएवढे फिरवले तरी गाडी सरळच जायची. ते बदलले. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते, ते सगळे काढून प्रत्येक लाइनला फ्यूज घातला.

इंजिन आठ वर्षे बंद. अशा इंजिनाला थेट सेल्फ मारणे म्हणजे रिंगा तोडणे. आबांनी नोजल काढून सिलिंडरमध्ये ऑइल आणि डिझेलचे मिश्रण सोडायला लावले आणि चार दिवस कोणाला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने रेटले. हलले नाही. सहाव्या दिवशी इंचभर हलले, तेव्हा मुलांनी जी आरोळी ठोकली ती भिक्खू निवासापर्यंत गेली. नंतर हेड उतरवले. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधली गॅस्केट जळालेली निघाली. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, डिझेल पंप आणि नोजल कॅलिब्रेशनला पाठवले. टाकीतून किलोभर गाळ निघाला. एवढ्यात 2020 ची टाळेबंदी आली आणि इंजिन सहा महिने गोणपाटाखाली पडून राहिले.

पत्र्याचे काम सगळ्यात किचकट. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, तिथे नवा तुकडा वेल्ड करायचा, वर रेड ऑक्साईड, आणि मग रंग. दाराच्या तळाशी पाणी जायला भोके असतात. ती आधी बुजली होती म्हणूनच दार सडले. कोणी हौसेने पुन्हा बुजवू नये, ही विनंती.

नवे, वेगळे इंजिन टाका, असाही आग्रह झाला. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून मूळ इंजिनच ठेवले. फिटनेस 2021 मध्ये मिळाला. ते वेळेवर झाले, कारण 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्क बरेच वाढले.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. एका मुलाने आम्हांला विचारले की नळ्या नव्या, पत्रा नवा, रिंगा नव्या, मग ही तीच गाडी कशी? मिलिंद राजाला भदंत नागसेनांनी हेच विचारले होते. आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? कोणताही एक भाग रथ नव्हे, आणि भागांवेगळाही रथ सापडत नाही. भाग जुळून आले की त्याला रथ हे नाव मिळते. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले, त्यामागे प्रश्न विचारणाऱ्या या राजाचा मान आहे. आरटीओच्या निरीक्षकांपुढे मात्र एवढी चर्चा चालली नाही. त्यांनी खडूने सांगाड्यावरचा चासी नंबर घासून पाहिला, पुस्तकाशी ताडला आणि म्हणाले, गाडी तीच आहे.

आता ज्या गोष्टीमुळे राजीनामा आला ती. समितीने ठरवले की हौद्यात माणूस बसणार नाही. मालवाहू गाडीत माणसे नेणे कायद्याने गुन्हा आहे हे एक, आणि अपघात झाला तर हौद्यातला माणूस कशालाही बांधलेला नसतो हे दुसरे. आमच्या एका आजींनी सभेत उभे राहून विचारले, "याच गाडीतून आम्ही महाडचं पाणी बघितलं. आता गाडी चांगली झाली तर आम्हांलाच उतरवता व्हय?" आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. त्या सांगत होत्या ते खरे होते. त्या दिवसांत एसटी वस्तीपर्यंत येत नव्हती आणि खासगी गाडीवाले आम्हांला बसवत नव्हते. हौदा हाच आमचा मान होता. तरीही आम्ही निर्णय बदलला नाही. आजही त्यावर दोन मते आहेत, हे आम्ही लपवत नाही.

20 मार्च 2022 ला माणसे भाड्याच्या बसने गेली आणि पिकअप पाण्याचे पिंप, भांडी आणि पुस्तकांची खोकी घेऊन पुढे निघाली. केबिनमध्ये चालकाशेजारी आजी होत्या. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना आबांनी दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिले नाही. अर्ध्या उतारावर जळका वास आला. उतरून पाहिले, तर डावे मागचे चाक हात लावू देईना. त्या ड्रमचे लायनर आम्ही जास्त घट्ट ठेवले होते. वीस मिनिटे थांबून, सैल करून, पुढे गेलो. चूक आमचीच, आणि ती घाटात कळली हे बरे नव्हे. आजी रस्त्याकडेला दगडावर बसून मुलांना सांगत होत्या की पूर्वी इथेच सगळ्यांनी उतरून गाडी ढकलली होती.

आज गाडी आठवड्यातून पाच दिवस चालते. वसतिगृहाचा बाजार, वाचनालयाची पुस्तके, उन्हाळ्यात वस्त्यांवर पाणी. त्या चार मुलांपैकी एकाने स्वतःचे गॅरेज टाकले आहे, दुसरा एसटीत लागला आहे, तिसरा वकिली शिकतो आहे आणि अजूनही रविवारी येतो. चौथ्याला ग्रीसचा वास सहन होत नाही, तो हिशेब लिहितो. एकूण खर्च, वाया गेलेल्या 38 हजारांसह, 2 लाख 14 हजार रुपये. पावत्यांची फाइल कार्यालयात पाहायला ठेवली आहे.

क्लच आता घसरू लागला आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता गिअरबॉक्स उतरवणार आहोत. ज्या विद्यार्थ्यांना, आणि विद्यार्थिनींनाही, शिकायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे. चहाची सोय संस्थेकडून आहे, पाने आबांकडे मोजून परत द्यायचे आहेत.

जयभीम.