निळ्या टोपीचे शिपाई

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "टीव्हीवर आपले जवान निळी टोपी घालून परदेशात दिसतात. ते लढायला गेलेत की भांडण सोडवायला?" हप्ते गोळा करता करता तो प्रश्न राहूनच गेला. आज त्यावर बोलू.

ही शांतिसेना संयुक्त राष्ट्रसंघाची. १९४८ साली सुरू झाली. संघाचं स्वतःचं सैन्य नाही, देशोदेशीचे जवान उसने घ्यायचे. आपल्या देशानं आजवर दोन लाखांहून जास्त माणसं पाठवली आणि दीडशेच्या वर गमावली. नियम असे, की दोन्ही बाजूंची संमती हवी, कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि जीव वाचवायला किंवा सोपवलेलं काम राखायला लागेल तेवढीच बंदूक चालवायची. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, ते जपानशी लढणाऱ्या चिनी जखमींसाठी. त्यांना बाजू घेता आली. निळ्या टोपीला ती मुभा नाही.

तुम्हाला गावची तंटामुक्ती समिती आठवत असेल, २००७ सालची. बांधाचं भांडण असलं की समिती मध्ये बसायची. दोघांनाही मिटवायचं असलं तर मिटायचं. एकानं रात्रीतून बांध कोरायचाच ठरवला असेल, तर समिती काय करणार?

बोस्नियात नेमकं हेच झालं. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा, १९९२ साली, तिथल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. बेळगावला जिचं केंद्र आहे, आपल्याकडची पोरं जिच्यात भरती होतात, तीच ही पलटण. क्रोएशियातला युद्धविराम राखायला म्हणून सेना गेली, आणि शेजारी बोस्नियात नवीनच युद्ध पेटलं. राखायला शांतताच नव्हती. वर्षभरानं नंबियार परतले.

पुढं स्रेब्रेनित्सा हे गाव संघानं 'सुरक्षित' जाहीर केलं. लोक विश्वासानं तिथं गोळा झाले. जुलै १९९५ मध्ये सर्ब फौजा आत शिरल्या. राखणीला हॉलंडचे काहीशे सैनिक होते, हत्यारं हलकी, आणि वरून मदत वेळेवर आली नाही. आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. मला विचाराल तर सैनिक कमी होते यापेक्षा 'सुरक्षित' हा शब्द वापरला, हे जास्त वाईट. राखता येत नसेल तर तसं सांगावं, माणूस दुसरी वाट तरी शोधतो. तिथल्या आयांनी मग संघटना केली, हॉलंडच्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडल्या. साडेतीनशे पुरुषांच्या बाबतीत त्या सरकारवर थोडी का होईना जबाबदारी आहे, हे २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं.

हैतीची गोष्ट तर पाण्याची आहे. २०१० साली शांतिसेनेच्या छावणीतली घाण नदीत गेली आणि कॉलरा पसरला. हजारो माणसं गेली. संघाला माफी मागायला सहा वर्षं लागली.

मग सगळं फुकटच का? तसं नाही. लायबेरियात यादवी संपल्यावर २००७ च्या जानेवारीत आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरावर बायका गेल्या. संघाच्या कामावर गेलेली बायकांची अशी ही पहिलीच पोलीस तुकडी. तुकड्या बदलत गेल्या, पण नऊ वर्षं त्या मोनरोव्हियात रात्रीची गस्त घालत होत्या, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर पहारा देत होत्या, मुलींना स्वतःचा बचाव शिकवत होत्या. या काळात तिथल्या सुरक्षा दलांत बायका शंभरात सहा होत्या, त्या सतरा झाल्या. सगळं श्रेय आपल्या पोरींचं नाही, पण गणवेशातली बाई रोज रस्त्यावर दिसली की बघणारीलाही वाटतं, आपणही जावं. शिवाय तिथं दोन्ही बाजूंना लढाई नकोच होती, हेही तितकंच खरं.

ज्यांच्या मुली पोलीस भरतीची तयारी करतायत, त्यांना हे जरूर सांगा. पुढच्या खेपेला गटाच्या वार्षिक हिशेबाबद्दल बोलू, वह्या घेऊन बसा. नमस्कार.