शय्याव्रण आणि ऊब

दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर प्रथम एक तांबूस डाग उमटतो. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर थोड्याच दिवसांत तेथे जखम होते. हेच शय्याव्रण. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा चेपली जाते, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि प्राणवायूवाचून तेथील मांस मरू लागते.

जखम भरावयाची, तर तिला रक्त हवे आणि रक्ताला ऊब हवी. गार पडलेल्या जखमेत रक्तवाहिन्या आकसतात, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि नव्या पेशींची वाढ रेंगाळते. याच विचाराने १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक विशेष पट्टी निघाली. जखमेला स्पर्श न करता तिच्यावर सुमारे ३८ अंश सेंटिग्रेड उष्णता राखावी, अशी तिची योजना होती. काही लहान प्रयोगांत गुण दिसला. परंतु २००२ साली तेथील सरकारी आरोग्यविमा योजनेने पुरावा अपुरा ठरवून तिचा खर्च देण्याचे नाकारले.

मग घरी काय करावे? येथेच पुष्कळदा घात होतो. सासूबाईंना बरे वाटावे म्हणून सून मायेने गरम पाण्याची रबरी पिशवी टाचेला लावते. अर्धांगाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही आणि एका जखमेच्या दोन होतात. शिवाय शेकाने त्वचेची प्राणवायूची गरज वाढते. दाबाखाली तर तो पोहोचतच नाही. ऊब म्हणजे शेक नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

जखमेची स्वतःची ऊब जपावी, एवढेच घरी शक्य आहे आणि तेवढे पुरेही आहे. डॉक्टरांनी सांगितलेले धुण्याचे पाणी गार वापरू नये, कोमट असावे. पट्टीचे सर्व साहित्य आधी हाताशी घ्यावे, म्हणजे जखम फार वेळ उघडी राहत नाही. जखम उघडी ठेवून वाळवावी, ही जुनी समजूतही सोडावी. झाकून ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर धरते, हे १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांनी दाखविले.

मात्र दाब तसाच राहिला, तर ही सारी मेहनत व्यर्थ होय. इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलण्याचा शिरस्ता घातला. ज्यांच्या जगण्याची आशा सोडली जात असे, असे कित्येक रुग्ण त्या शुश्रूषेने वाचले. जखम काळी पडली, दुर्गंधी आली अथवा ताप चढला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना बोलवावे.