बंद दारांचं चित्र

रेडिओवरून चित्र दाखवायचं म्हणजे जरा अवघडच. म्हणून आधी एक करा. उजवा हात डोक्याच्या वर न्या आणि बोटं ताणा. एकेक वेगळं होईल इतकी. अजून थोडी. मनगटापर्यंत कळ गेली का? घ्या आता हात खाली. आपल्याला तो खाली घेता येतो. आज ज्या चित्राबद्दल बोलायचंय, त्यातल्या माणसाला घेता येत नाही.

ते चित्र फ्रान्सच्या पूर्वेला, आल्सास प्रांतातल्या कोलमार गावी आहे. तिथल्या एका जुन्या मठात उंटरलिंडेन नावाचं संग्रहालय आहे, त्यात. चित्रकाराला जग ग्र्युनेवाल्ड म्हणतं. गंमत म्हणजे हे त्याचं नावच नव्हे. तो गेल्यावर दीडशे वर्षांनी एका लेखकाने चुकून ते त्याला चिकटवलं, आणि ते चिकटूनच राहिलं. घरचं नाव माथिस. 1512 ते 1516 या काळात त्याने जवळच्या इसेनहाइम गावच्या मठासाठी ही वेदीमागची चित्रं रंगवली.

मठ कसला होता, ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय चित्र नुसतं भयानक वाटेल. तो अँथनीपंथी साधूंचा मठ होता. हा अँथनी इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला तपस्वी. आपल्याकडे गोव्यात आणि वसईत ज्याला मेणबत्त्या लावतात तो पादुआचा अंतोनी, तो वेगळा. या साधूंचं काम एकच, ‘संत अँथनीचा अग्नी’ नावाच्या रोगाने पछाडलेल्यांची शुश्रूषा. हातापायांत निखारे ठेवल्यासारखी आग व्हायची, कातडी काळी पडायची, बोटं वाळून गळायची. काहींना झटके यायचे, भास व्हायचे. दुखणं महिनोन् महिने चालायचं. कारण काय, तर राय नावाच्या धान्यावर ओल्या हवेत धरणारी एक बुरशी. हे कळायला चित्र पुरं झाल्यावर आणखी दीडशेहून जास्त वर्षं जायची होती.

ऐकणाऱ्यांत बाजरी पिकवणारं कोणी असेल तर त्याला ही बुरशी परकी वाटायची नाही. कणसातून मधासारखा चिकट थेंब गळू लागला की आपण म्हणतो, अरगट पडला. म्हणून पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून बी त्यात टाकायचं, तरंगेल ते काढून फेकायचं. रायवरचा अरगट त्याच कुळातला, पण फार जहाल. इसेनहाइमच्या साधूंकडे मिठाच्या पाण्याची ही युक्ती नव्हती. डुकराच्या चरबीचा लेप होता, झाडपाला होता, संताच्या अस्थींवरून ओतलेली वाइन होती, आणि सडलेला अवयव कापणारे वैद्य होते. चांगल्या धान्याचा पावही मिळायचा. माझा अंदाज, खरा उतार पडला असेल तर त्या पावानेच.

अशा रोग्याला या वेदीसमोर आणून बसवत.

समोर काय दिसायचं? काळंभोर आभाळ, आणि त्यात वधस्तंभावरचा येशू. आपल्याकडे घरोघरी जे क्रूस असतात, त्यांवरचा येशू दुःखी असला तरी देखणा असतो. हा देखणा नाही. अंगावर हिरवट झाक, कातडीत जागोजागी रुतलेले काटे, ओठ निळे. कमरेला फाटकी चिंधी. आणि हाताची बोटं, मघाशी तुम्ही ताणलीत ना, तशी आभाळाकडे ताणलेली. झटके येणाऱ्या माणसाची बोटं कशी होतात ते माथिसने जवळून पाहिलं असणार. पायाशी बसलेली मग्दालीया मरीया शेजारच्यांपेक्षा लहान काढली आहे, येशू सगळ्यांत मोठा. चित्रकाराला माप येत नव्हतं असं नाही. जो ज्या वजनाचा, त्याला तेवढी जागा. पंढरीच्या जुन्या चित्रांत विठोबा भक्तांहून मोठा असतो, तसंच हे.

उजव्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. खरं तर त्याचा शिरच्छेद आधीच झालेला. तरी माथिसने त्याला इथे आणून उभा केला, आणि त्याला एक भलं लांब बोट दिलं. ते बोट येशूकडे दाखवतं. कार्ल बार्थ नावाच्या स्विस धर्मचिंतकाने या चित्राची प्रत आपल्या लिहिण्याच्या टेबलाच्या वर टांगली होती, ती या बोटापायी.

रोगी हे पाहून काय म्हणत असेल? मला वाटतं, एवढंच म्हणत असेल की याचंही अंग माझ्यासारखं झालंय. पाय गमावलेल्या माणसाला ‘सगळं ठीक होईल’ म्हणणं सोपं असतं. माथिस ते म्हणत नाही. निदान एवढ्यात तरी नाही.

आता या चित्राची खुबी. हे चित्र दोन दारांवर रंगवलेलं आहे, आणि दारांना बिजागऱ्या होत्या. रोजच्या दिवशी दारं बंद. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस समोर वधस्तंभ. सण आला की दारं उघडत. वधस्तंभ बरोबर मध्यावर नाही, जरा सरकवलेला आहे. त्यामुळे दार उघडलं की येशूचा एक हात धडापासून वेगळा व्हायचा. खालच्या पट्टीत त्याला थडग्यात ठेवतानाचं दृश्य आहे. ती पट्टी उघडली की पाय गुडघ्याखाली तुटायचे. हात-पाय कापून घेतलेली माणसं समोर बसलेली असताना हे घडायचं.

आणि त्या तुटलेल्या जागेतून रंग बाहेर यायचे. उजवीकडे पुनरुत्थान. येशू थडग्यातून वर उठलाय, शिपाई कोलमडून पडलेत. पाठीमागे सूर्यासारखं एक मोठं वर्तुळ, मध्ये पिवळं, मग केशरी, मग तांबूस, आणि कडेला निळसर होत रात्रीत विरणारं. अंगावर मघाचे काटे नाहीत, कातडी नितळ आहे. खिळ्यांच्या जखमा मात्र आहेत. त्या पुसलेल्या नाहीत. त्यांतूनच उजेड फुटतोय. मधल्या चित्रात तान्हा येशू आईच्या हातात. शेजारी पाळणा, आंघोळीचं लाकडी घंगाळ, आणि चक्क लघवीचं भांडं. ही दवाखान्यातल्या खोलीतलीच सामग्री. तान्ह्याचं दुपटं बघा, फाटकं आहे. वधस्तंभावरची चिंधी आठवते?

आज संग्रहालयात दारं सुटी करून ओळीने मांडली आहेत. सगळं एकदम दिसतं. सोय झाली, पण बिजागरी गेली. त्या रोग्यांना हे रंग सणाशिवाय दिसत नसत. आधी कित्येक आठवडे ते काळं आभाळच बघावं लागे. कोलमारला जाल तर भिंतीवर वेदीच्या लहान लाकडी प्रतिकृती आहेत, त्यांवर दारं कशी उघडत ते दिसतं. आधी तिथे थांबा. घरी पुस्तकातून पाहणार असाल तर पान लगेच उलटू नका.

मठात ही रंगीत दारंही उघडली की आत आणखी एक थर दिसायचा. मध्ये लाकडात कोरलेला संत अँथनी, आणि एका बाजूला त्याची परीक्षा. चित्रविचित्र राक्षस त्याचे केस ओढताहेत, मागे त्याची मोडकी झोपडी. डाव्या कोपऱ्यात खाली लाल टोपडं घातलेला एक जीव पडलाय. पोट फुगलेलं, अंगभर फोड, हाताच्या जागी थोटुक. तो राक्षस की रोगी, पंडित अजून वाद घालतात. इसेनहाइमच्या बाकावर बसलेल्यांना तो ओळखू आला असणार.

उजव्या कोपऱ्यात कागदाचा एक चिटोरा रंगवलाय. त्यावर लॅटिनमध्ये अँथनीने येशूला जाब विचारलाय, इतका वेळ होतास कुठे, माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस. अँथनीच्या जुन्या कथेत या प्रश्नाला उत्तर मिळतं. माथिसने चिटोऱ्यावर फक्त प्रश्न लिहिला. उत्तर त्याने चित्राच्या अगदी वरच्या टोकाला ठेवलं, डोंगरांच्या वर, अक्षरांत नव्हे, उजेडात. फार लहान आहे ते. मान बरीच मागे टाकावी लागते.